समुद्राखालचे जोड : जलांतर्गत दळणवळणातील प्रकाशतंतू-कनेक्टरांचा आढावा

काचेच्या तंतूतून प्रकाशाचे स्पंद पाठवून संदेश वाहून नेण्याची विद्या आता इतकी रुळली आहे की तंतू, लेझर आणि प्रवर्धक यांची जुजबी ओळख शालेय विद्यार्थ्यालाही असते. मात्र दोन तंतू जेथे एकमेकांना भेटतात त्या जोडाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि हा जोड समुद्राच्या पाण्याखाली असेल तर त्याचा विचार केवळ त्या क्षेत्रातील अभियंतेच करतात. वस्तुतः जलांतर्गत दळणवळणातील बहुतेक अवघड प्रश्न या एकाच ठिकाणी गोळा झालेले आहेत. तंतू वितळवून कायमचे एकजीव करावेत, की हवे तेव्हा सोडवता व पुन्हा बसवता येतील असे कनेक्टर वापरावेत, हा निर्णय वरवर पाहता तांत्रिक तपशिलाचा वाटतो. खोलात गेल्यावर मात्र तो दुरुस्ती कोठे व्हावी याचा निर्णय असल्याचे दिसते. कायमचा जोड स्वीकारणाऱ्याला बिघडलेली केबल जहाजावर ओढून घ्यावी लागते, तर सुटा होणारा जोड स्वीकारणाऱ्याला समुद्रतळाशीच काम उरकता येते; या दोन मार्गांपैकी कोणता कोठे योग्य ठरतो, हे पाहणे हा प्रस्तुत आढाव्याचा हेतू आहे.

रायपूरच्या चौबे कॉलोनीपासून अरबी समुद्र रेल्वेमार्गाने सुमारे ११०० किलोमीटर दूर आहे, आणि तेथील वाचकाला हा विषय परका वाटणे स्वाभाविक आहे. तरीही महाराष्ट्र मंडळ असलेल्या या वसाहतीत राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाने लंडनमधल्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलायला सुरुवात केली की त्यांचे शब्द बहुधा दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया, नागपूर अशा जमिनीवरच्या मार्गाने मुंबईला पोहोचतात आणि तेथून समुद्रात उतरतात. या मार्गाचे पहिले टोक घरातच असते. फायबर जोडणी घेतलेल्या घरातील उपकरणाच्या मागे एक हिरव्या रंगाचा लहान चौकोनी जोड दिसतो. त्याच्या आत २.५ मिलिमीटर व्यासाची झिर्कोनिया या सिरॅमिकची नळी असते, जिला फेरूल म्हणतात, आणि फेरूलच्या मध्यभागी १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे साधारण केसाएवढा, काचेचा तंतू पक्का बसवलेला असतो. हिरवा रंग नुसता शोभेसाठी दिलेला नाही, कारण फेरूलचे टोक सरळ न कापता ८ अंशांनी तिरके घासले आहे याची ती खूण असते. तिरक्या पृष्ठभागामुळे परावर्तित होणारा प्रकाश तंतूच्या गाभ्यातून मागे न जाता बाजूच्या आवरणात निघून जातो आणि लेझरला त्रास होत नाही. समुद्रतळावरच्या कित्येक कनेक्टरांमध्येही हीच तिरकी घासणी वापरली जाते, त्यामुळे त्यांची मूलतत्त्वे समजून घेण्यासाठी घरातला हा जोड पुरेसा आहे.

जोडाची खरी कसोटी अचूकतेची असते. लांब पल्ल्याच्या दळणवळणात जो तंतू वापरतात त्यातील प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ८ ते ९ मायक्रॉन व्यासाचा असतो, आणि १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश गाभ्याच्या थोडा बाहेरही पसरत असल्याने त्याचे परिणामी क्षेत्र सुमारे १०.४ मायक्रॉन व्यासाचे धरतात. समोरासमोर आलेले दोन गाभे एकमेकांपासून १ मायक्रॉन सरकले तर सुमारे ०.१६ डेसिबलची हानी होते, जी सहज खपून जाते. पण हानी सरकण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ३ मायक्रॉन सरकताच ती १.४ डेसिबलच्या पुढे जाते आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक प्रकाश वाया जातो. धुळीचा साधा कणही याहून मोठा असतो. म्हणूनच घरी येणारा तंत्रज्ञ कनेक्टर बसवण्यापूर्वी त्याचे टोक धागे न सुटणाऱ्या कागदाने आणि अल्कोहोलने पुसतो, आणि ही सवय नसलेल्या माणसाने केलेली जोडणी काही दिवसांत कुरकुरू लागते. समुद्राखाली हे टोक पुसायला कोणी नसते, आणि भोवतीचे पाणी मीठ, गाळ व सूक्ष्म जीव यांनी भरलेले असते.

पाण्याचा प्रकाशाशी असलेला संबंध मात्र सामान्य समजुतीपेक्षा वेगळा आहे. काच आणि हवा यांच्या सीमेवर सुमारे ३.५ टक्के प्रकाश परावर्तित होतो, तर काच आणि पाणी यांच्या सीमेवर अर्ध्या टक्क्याहूनही कमी, कारण पाण्याचा अपवर्तनांक काचेच्या अधिक जवळ आहे. याचा अर्थ दोन टोकांमध्ये पाण्याची अतिशय पातळ फट राहिली तर ती हवेच्या फटीपेक्षा उलट कमी परावर्तन घडवते. फट जाड झाली की चित्र पालटते, कारण १५५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशासाठी पाणी पारदर्शक नसते आणि एक मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थरही निम्म्याहून अधिक प्रकाश शोषून घेतो. तरीही पाण्यामुळे होणारी खरी हानी प्रकाशीय नसून यांत्रिक व रासायनिक आहे. दर १० मीटर खोलीमागे साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे ३००० मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३०० किलोग्रॅमचा भार पडतो, आणि ५ सेंटिमीटर व्यासाच्या कनेक्टरच्या तोंडावर जवळजवळ ६ टनांचा. ताणाखाली असलेल्या काचेच्या सूक्ष्म भेगांमध्ये पाण्याचे रेणू शिरले की सिलिकाचे बंध एकेक करून तुटतात आणि भेग हळूहळू वाढते. प्रयोगशाळेत भक्कम ठरलेला तंतू काही वर्षांनी अचानक तुटण्यामागे ही क्रिया असते. त्याखेरीज धातू गंजताना सुटणारा हायड्रोजन काचेत झिरपून तिची पारदर्शकता घटवतो, आणि म्हणून सागरी केबलमध्ये तंतू जेलीसारख्या द्रव्यात, पोलादी तारांच्या व तांब्याच्या नळीच्या आत बंद ठेवतात.

पाण्याने काच झिजण्याची ही क्रिया समुद्रापुरती मर्यादित नाही. रायपूरला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षातला बहुतेक पाऊस पडतो, रस्त्याकडेचे चेंबर तुडुंब भरतात, आणि त्यांत ठेवलेले जोड-डबे, ज्यांना तंत्रज्ञ क्लोजर म्हणतात, दिवसेंदिवस पाण्यात बुडून राहतात. क्लोजरच्या रबरी सीलमध्ये बारीक खडा अडकला किंवा केबलच्या प्रवेशाची उष्णतेने आकसणारी नळी नीट बसली नाही, तर आत पाणी शिरते. आतल्या प्रत्येक वितळजोडावर पोलादी काडी घातलेली आकसणारी नळी चढवलेली असते, ती तंतूला वाकू देत नाही, पण पाण्यापासून कायमचे संरक्षण देणे तिच्या आवाक्यातले नसते. दुर्गच्या वाटेवर खारून आणि त्यापुढे शिवनाथ ओलांडताना केबल पुलाला बांधलेल्या नळीतून किंवा नदीच्या पात्राखालून छिद्र पाडून नेतात, आणि कोणताही शहाणा अभियंता पात्राखाली जोड येऊ देत नाही. केबलचे रीळ मोजून असे वापरतात की जोड दोन्ही काठांवर यावेत. जोड पाण्यापासून दूर ठेवणे हा पहिला नियम आहे, आणि समुद्रात तो पाळता येत नाही एवढाच फरक.

सागरी तारेच्या इतिहासात मुंबईचे स्थान जुने आहे. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत तारेची केबल टाकली आणि त्याच वर्षी मुंबई समुद्रमार्गे ब्रिटनशी जोडली गेली. त्या केबलमध्ये तांब्याच्या तारेभोवती गटापर्चा या झाडाच्या चिकाचे आवरण होते, आणि तुटलेली केबल गळ टाकून वर ओढायची, डेकवर जोडायची व पुन्हा सोडायची ही पद्धत तेव्हापासूनच चालत आली. १९८८ मध्ये टॅट-८ ही अटलांटिकपार जाणारी पहिली प्रकाशतंतू-केबल कार्यान्वित झाली, १९९४ मध्ये सी-मी-वी-२ या केबलने मुंबईला प्रकाशतंतूच्या जागतिक जाळ्यात आणले, आणि त्यानंतर फ्लॅग, सी-मी-वी-३, सी-मी-वी-४ अशी रांग लागली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या माहितीनुसार २०२२ च्या अखेरीस भारतात १७ आंतरराष्ट्रीय सागरी केबली १४ लँडिंग स्टेशनांवर उतरत होत्या. त्यांतल्या मोठ्या हिश्श्याचा भार मुंबईवर आहे आणि मुंबईतही वर्सोव्याच्या छोट्या किनारपट्टीवर त्यांची दाटी झाली आहे.

या केबलींच्या समुद्रातील भागात कनेक्टर नसतोच. जहाजाच्या डेकवरील स्वच्छ खोलीत दोन्ही टोकांचे तंतू सोलून, काटकोनात कापून, विद्युत ठिणगीच्या उष्णतेने एकमेकांत वितळवले जातात, आणि या वितळजोडाची हानी ०.०५ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून कमी राहते. त्यानंतर पोलादी तारांचा ताण पेलणारा जोडसंच बसवतात, त्याभोवती वितळलेले पॉलिथिलीन साच्यात ओततात आणि त्या आवरणात हवेचा बुडबुडा किंवा धातूचा कण राहिला नाही ना हे क्ष-किरणांनी तपासतात. ही तपासणी अनाठायी नाही, कारण प्रवर्धकांना वीज पुरवण्यासाठी त्याच केबलच्या तांब्यावर १०,००० व्होल्टपर्यंतचा दाब असतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या केबली एकमेकींना जोडता याव्यात म्हणून ‘युनिव्हर्सल जॉइंट’ नावाची सामाईक पद्धत रूढ झाली, आणि दुरुस्ती-जहाजावरचे जोडारी तिचे प्रमाणपत्र घेऊनच कामावर येतात. एका जोडाला बहुधा पूर्ण एक दिवस लागतो, आणि समुद्र खवळलेला असेल तर सुरुवातच करता येत नाही.

कनेक्टर टाळण्याचे कारण म्हणून पुष्कळदा प्रकाशहानीकडे बोट दाखवले जाते, पण आकडे तसे सांगत नाहीत. चांगल्या जलांतर्गत कनेक्टरची हानी अर्ध्या डेसिबलच्या आत असते. आधुनिक सागरी तंतूत दर किलोमीटरला ०.१७ डेसिबलच्या आसपास हानी होते असे धरले, तर एक कनेक्टर म्हणजे केबलचे जेमतेम तीन किलोमीटर. प्रवर्धक दर ६० ते १०० किलोमीटरवर बसवलेले असल्याने एवढी हानी सोसता येते. खरा आक्षेप काळाविषयी आहे. सागरी केबल २५ वर्षांच्या आयुष्यासाठी आखली जाते, आणि या अवधीत रबरी सील, स्प्रिंग, तेल आणि सरकणारे भाग असलेल्या वस्तूवर विसंबण्यापेक्षा एकजीव काचेवर विसंबणे केव्हाही बरे. हजारो किलोमीटरच्या मार्गावर जोडांची संख्या मोठी असते आणि त्यांतील एक बिघडला तरी सारा मार्ग बंद पडतो, म्हणून दूरसंचार कंपन्यांचा हा जुना आग्रह योग्यच म्हटला पाहिजे.

मात्र सगळ्या जलांतर्गत यंत्रणा एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाणाऱ्या नसतात. समुद्रतळावरील तेलविहिरीचे नियंत्रण, भूकंपमापकांचे जाळे, दूरचालित पाणवाहन, पाणबुडीविरोधी सोनारची लांबलचक ओढमाळ या ठिकाणी उपकरण बदलावे लागते, वर काढावे लागते, नव्याने जोडावे लागते. तेथे कनेक्टरशिवाय गत्यंतर नाही. अशा कनेक्टरांचे दोन मुख्य वर्ग आहेत. कोरडा कनेक्टर हवेत, म्हणजे जहाजावर किंवा कार्यशाळेत, जोडतात आणि जोडलेल्या स्थितीत पाण्यात सोडतात. ओला कनेक्टर प्रत्यक्ष पाण्याखाली जोडता व सोडवता येतो. कोरड्या कनेक्टरात आतल्या पोकळीत पाणी शिरू न देणे एवढेच मुख्य काम असते आणि ते दुहेरी ओ-रिंगने भागते. त्याच्या जोडीला पेनिट्रेटर हा भाग लागतो. उपकरणाच्या पेटीत हवा आणि बाहेर शेकडो वातावरणांचा दाब अशा भिंतीतून तंतू आरपार नेण्याचे काम तो करतो. येथे तंतूवर धातूचा मुलामा देऊन तो डाखाने पक्का करतात किंवा इपॉक्सी रेझिनमध्ये रुजवतात, कारण बाहेरचा दाब तंतूला पिचकारीच्या दट्ट्यासारखा आत ढकलू पाहतो. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे ‘रोसब ६०००’ हे दूरचालित वाहन २०१० मध्ये मध्य हिंदी महासागरात ५२८९ मीटर खोलीपर्यंत गेले. त्याचे नियंत्रण व चित्रण प्रकाशतंतूवरून चालत असल्याने त्याच्या प्रत्येक पेटीच्या भिंतीला या कसोटीतून जावे लागले. अशा वाहनाच्या फिरत्या विंचवर तंतूला पीळ न पडता प्रकाश पुढे जावा म्हणून फिरता प्रकाशीय जोडही लागतो. तो पाण्याबाहेर असतो, पण यंत्रणेचा तोल त्याच्यावरही अवलंबून असतो.

ओला कनेक्टर हा या सगळ्या विषयातील सर्वात नाजूक आणि सर्वात कल्पक भाग आहे. त्याच्या दोन्ही अर्धभागांत फेरूल तेलाने भरलेल्या बंद कप्प्यांत दडवलेले असतात, आणि त्या कप्प्याला लवचीक पडदा असतो. बाहेरचा दाब पडद्यावाटे तेलाला मिळत असल्याने आत-बाहेर दाबाचा फरकच राहत नाही. ३००० मीटरवरचा सहा टनांचा भार अशा रीतीने भिंतीच्या जाडीने न पेलता युक्तीने नाहीसा केला जातो. जोडणीच्या वेळी दूरचालित वाहनाचा यांत्रिक हात एक अर्धभाग दुसऱ्याच्या नरसाळ्यासारख्या तोंडात घालतो. प्रथम जाड धातूची कवचे एकमेकांना रेषेत आणतात, मग खाच आणि कळ फिरण्याचा कोन ठरवतात, त्यानंतर दोन्हींच्या तोंडावरची मऊ सीले एकमेकांवर दाबली जाऊन मधले पाणी आणि गाळ बाहेर सारतात. ही सीले चिकटल्यावरच आतली दारे उघडतात. काही रचनांत हे दार रबरी रुळासारखे गोल फिरून आपला घाणेरडा पृष्ठभाग बाजूला नेते आणि स्वच्छ छिद्र समोर आणते. आता दोन्ही तेलकप्पे एक झालेले असतात, आणि फेरूल एका कप्प्यातून दुसऱ्यात शिरून चिरलेल्या सिरॅमिक बाहीच्या आत स्प्रिंगच्या दाबाने समोरच्या फेरूलला टेकतात. टनावारी वजनाचे वाहन, मीटरभर हलणारा हात आणि शेवटी १ मायक्रॉनची अचूकता, अशी ही उतरती भाजणी आहे, आणि प्रत्येक पायरीने पुढच्या पायरीसाठी चूक कमी करून ठेवलेली असते. जोड सोडवताना हाच क्रम उलटा घडतो, आणि प्रत्येक वेळी तेलाचा थोडासा अंश बाहेर व पाण्याचा थोडासा अंश आत जातो. ओल्या कनेक्टरच्या जोडण्यांच्या संख्येवर मर्यादा असते ती त्यामुळे.

धातूंची निवड हा या कनेक्टरांचा दुसरा अवघड प्रश्न आहे. साधे गंजरोधक पोलाद समुद्राच्या पाण्यात, विशेषतः ओ-रिंगच्या खाचेसारख्या अरुंद फटीत, छिद्राछिद्रांनी गंजते, म्हणून दीर्घ मुदतीसाठी टायटॅनियम किंवा सुपर डुप्लेक्स पोलाद घेतात. मोठ्या पोलादी सांगाड्यांना गंजण्यापासून वाचवण्यासाठी जस्त किंवा ॲल्युमिनियमचे बळी जाणारे तुकडे जोडतात. या उपायाने सांगाडा वाचतो, पण त्याच्या पृष्ठभागावर पाणी अल्कधर्मी बनून कॅल्शियम कार्बोनेट व मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड यांचा पांढरा कठीण थर साचतो, आणि त्याच सांगाड्यावर बसवलेल्या कनेक्टरचे तोंड वर्षा-दोन वर्षांत घट्ट बसते. तेलक्षेत्रांत वाहनाच्या हाताने ॲसिटिक आम्ल सोडून हा थर विरघळवावा लागतो. शिवाय त्याच विद्युत-संरक्षणातून निर्माण होणारा हायड्रोजन टायटॅनियम व सुपर डुप्लेक्स या दोन्ही धातूंना ठिसूळ करू शकतो, म्हणजे गंज टाळण्याचा उपायच दुसऱ्या वाटेने धातूवर उलटतो. पश्चिम किनाऱ्यावर यात उष्ण पाण्याची भर पडते. उत्तर समुद्रातील थंड पाण्यात तपासलेली सीले मुंबईच्या गढूळ, उबदार आणि मोठ्या भरतीओहोटीच्या पाण्यात तितकीच टिकतील असे गृहीत धरणे धोक्याचे आहे, कारण शंखशिंपल्यांचे व बार्नेकलचे थर येथे फार जलद चढतात.

कायमचा जोड आणि सुटा जोड यांतील निवडीचे सर्वात बोलके उदाहरण जपानमध्ये आढळते. नानकाई खंदकाजवळ २०११ मध्ये उभ्या राहिलेल्या डोनेट या भूकंप-त्सुनामी निरीक्षण जाळ्यात मुख्य केबलला समुद्रतळावर नोड, म्हणजे जोडकेंद्रे, जोडलेले आहेत आणि भूकंपमापक व दाबमापक दूरचालित वाहनाने ओल्या कनेक्टरद्वारे त्यांना लावले आहेत. एखादे उपकरण बिघडले तर तेवढेच बदलता येते आणि पुढे नवे उपकरणही लावता येते. २०११ च्या महाभूकंपानंतर जपान खंदकावर उभारलेल्या एस-नेट जाळ्यात मात्र १५० निरीक्षणकेंद्रे केबलमध्येच मण्यांसारखी ओवलेली आहेत आणि ओला कनेक्टर जवळजवळ वापरलेलाच नाही, कारण जाळे लवकर व दूरवर पसरणे आणि ते वर्षानुवर्षे अखंड चालणे यांना तेथे प्राधान्य होते. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाजवळचे नेपच्यून हे सुमारे ८०० किलोमीटरच्या वळशाचे जाळे २००९ पासून डोनेटसारख्याच मार्गाने गेले आहे. तेथे मुख्य केबलचा १०,००० व्होल्टचा दाब नोडमध्ये ४०० व्होल्टपर्यंत उतरवून मगच उपकरणे जोडतात, जेणेकरून ओल्या कनेक्टरला उच्च दाबाची वीज पेलावी लागू नये. भूमध्य समुद्रात सिसिलीजवळ ३५०० मीटर खोलीवर न्यूट्रिनो कणांचा वेध घेणारी केएमथ्रीनेट ही दुर्बीणही ओल्या कनेक्टरांवरच उभी आहे. जपानसारख्या एकाच देशाने, एकाच संकटाच्या संदर्भात, दोन उलट निर्णय घ्यावेत आणि दोन्ही समर्थनीय ठरावेत, यावरून या प्रश्नाला एकच उत्तर नाही हे पुरेसे स्पष्ट होते.

ओल्या कनेक्टरचा नाजूकपणा टाळण्याच्या काही वाटा शोधल्या गेल्या आहेत. एका पद्धतीत प्रकाशाचे विजेत आणि विजेचे पुन्हा प्रकाशात रूपांतर करणारे लहान मंडल जोडकेबलच्या दोन्ही टोकांना बसवतात, म्हणजे पाण्याखाली प्रत्यक्ष जोडले जातात ते विजेचे संपर्क, जे मायक्रॉनभर सरकले तरी काम करतात; मात्र मंडलाला वीज लागते आणि त्याचा वेग ठरलेला असतो. दुसऱ्या पद्धतीत भिंगाने किरण काही मिलिमीटर रुंद करून दोन टोकांमधून नेतात, त्यामुळे धुळीचा कण किरणाचा अल्पसा भागच अडवतो. पण भिंगाची शक्ती काच व भोवतालचे माध्यम यांच्या अपवर्तनांकातील फरकावर अवलंबून असल्याने ते थेट पाण्याला लावता येत नाही, सपाट खिडकीमागे ठेवावे लागते, आणि खिडक्यांमध्ये पाण्याचा जाड थर राहू देता येत नाही. निळ्या-हिरव्या प्रकाशाने तारेशिवाय संदेश पाठवणे स्वच्छ पाण्यात काही डझन मीटरांपर्यंत साधते, मुंबईच्या गाळात मात्र ते जवळजवळ निरुपयोगी ठरते.

भारताच्या बाजूने पाहता साधनसामग्रीची स्थिती विषम आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा येथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीज काचेच्या मूळ दांड्यापासून तंतूपर्यंतचे उत्पादन करते, पुण्याजवळ उर्से व गोव्यात वेर्णा येथे फिनोलेक्सच्या प्रकाशतंतू-केबली तयार होतात; अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेत समुद्रातील धातू, रबर व गंजरोधन यांवर काम चालते, आणि दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला भारतीय पाण्यातील गंज आणि सागरी जीवांच्या थरांच्या अभ्यासाची दशकांची परंपरा आहे. जोड बनवण्यासाठी लागणारे ज्ञान असे मराठी मुलखाच्या पट्ट्यात तुकड्या-तुकड्यांनी उपलब्ध असताना खोल समुद्रातील कनेक्टरांसाठी अजून प्रामुख्याने परदेशी उत्पादकांकडे पाहावे लागते, ही गोष्ट खटकते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील खोल पाण्यातल्या वायू-तेलक्षेत्रांमुळे आणि खोल समुद्र मोहिमेमुळे मागणी आता देशातच आहे. उणीव आहे ती उबदार, गढूळ पाण्यात वर्षानुवर्षे बुडवून ठेवलेल्या नमुन्यांच्या नोंदींची, कारण असा कनेक्टर विकत घेणारा त्याच्या रेखाटनापेक्षा त्याच्या चाचणीच्या इतिहासावर विश्वास ठेवतो.

दूरसंचार केबलींच्या बाबतीत मात्र प्रश्न वेगळा आहे. मुंबईसमोरचा खंडीय मंच दोनशे किलोमीटरहून अधिक रुंद आहे; १९७४ मध्ये तेल सापडलेले मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर असूनही तेथील खोली ७५ ते ८० मीटरच आहे. याचा अर्थ मुंबईला येणारी प्रत्येक केबल शेकडो किलोमीटर अशा उथळ पाण्यातून येते, जेथे ट्रॉलरची जाळी आणि जहाजांचे नांगर तळापर्यंत पोहोचतात, आणि जगभरातील केबलदोषांपैकी ७० ते ८० टक्के याच दोन कारणांनी होतात. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या तेव्हा भारताच्या पश्चिमेकडील इंटरनेट वाहतुकीचा मोठा भाग कोलमडला. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ सी-मी-वी-४ व आयमीवी या मुंबईला येणाऱ्या केबलींना इजा झाली. दुरुस्ती करणारी जहाजे परदेशी ध्वजाची, परवानग्या अनेक खात्यांच्या, आणि पावसाळ्यात अरबी समुद्र डेकवरच्या सूक्ष्म कामाला प्रतिकूल, अशी तिहेरी अडचण येथे असते.

या पार्श्वभूमीवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०२३ मध्ये केलेल्या शिफारशींतील एक मुद्दा जोडाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. लँडिंग स्टेशनपासून किनाऱ्याखालून समुद्रात काही अंतरापर्यंत केबलचे रिकामे तुकडे आधीच टाकून ठेवावेत आणि नवी केबल आली की तिला समुद्रातच अशा तुकड्याशी जोडावे, म्हणजे किनारा पुन्हा खणावा लागणार नाही आणि परवानग्यांचा वेळ वाचेल, अशी ही कल्पना आहे. तुकड्याचे समुद्रातले टोक वर्षानुवर्षे बंद करून गाळात पुरून ठेवायचे आणि मग वर काढून वितळजोड करायचा, की तेथे ओला कनेक्टर बसवून ठेवायचा, असा पर्याय सकृद्दर्शनी समोर येतो. परंतु वर्सोव्याच्या पाण्यात गाळ, जीवांचे थर, मासेमारी आणि केबलवरील उच्च दाबाची वीज या चारही गोष्टी कनेक्टरच्या विरुद्ध जातात, आणि उथळ पाण्यात टोक जहाजावर उचलणे सोपे असल्याने कनेक्टरचा मुख्य फायदाही तेथे उरत नाही. अशा ठिकाणी वितळजोडच योग्य ठरतो, फक्त टोक बंद करण्याची रीत अशी हवी की दहा वर्षांनी उचललेल्या तंतूत पाणी किंवा हायड्रोजन शिरलेला नसावा. पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणम येथे गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या सागरी केबलींच्या प्रवेशद्वाराची घोषणा केली आहे. ते शहर रायपूरला मुंबईपेक्षा निम्म्या अंतरावर आहे, तेथील मंच मुंबईच्या मानाने अरुंद असल्याने केबल किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खोल पाण्यात उतरते, आणि छत्तीसगडमधील वाहतूक समुद्राला नेण्याचा दुसरा, आखूड मार्ग तेथून निघू शकतो. तसे झाल्यास चौबे कॉलोनीतील घरापासून समुद्रापर्यंतच्या जमिनीवरच्या जोडांची संख्याही घटेल, मात्र बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांत किनाऱ्यालगतचे जोड कसे टिकतात हे तेथील पहिल्या काही हंगामांच्या मोजमापांवरच ठरेल.